नऊशे बारा एमबी

वहिनींचा फोन आला तेव्हा टेस्टरकाका अंगणातल्या पाण्याच्या नळीला चिकटपट्टी गुंडाळत होते. कॉम्प्युटर बंद पडलेला नाही, पण चालू आहे असंही म्हणवत नाही, असं वहिनी म्हणाल्या. एक डिझाइन उघडायला वीस मिनिटं लागतात, तेवढ्यात त्यांची भाजी चिरून होते. नव्या रुग्णालयाच्या तीनशे कोटांवर नावं भरायचं काम आलंय आणि हातात तीनच आठवडे आहेत. काकांनी नळी तशीच टाकली, हात धुतले आणि पिशवी उचलली.

टेस्टरकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली, आणि शर्टाच्या खिशाला पेन असावं तसा त्यांच्या खिशाला टेस्टर असायचा. नोकरी संपली तरी तो गेला नाही. आता ते ओळखीपाळखीच्या लोकांचे जुने कॉम्प्युटर दुरुस्त करत. नव्याला हात लावत नसत. नव्याला दुकान आहे, जुन्याला कोण आहे, असं त्यांचं म्हणणं. चौदा वर्षांचा कॉम्प्युटर त्यांच्यापुढे आला की त्यांचा चेहरा असा खुलायचा की काकू म्हणत, माझ्याकडे बघून कधी असं हसला नाहीत.

वहिनी म्हणजे त्यांच्या मित्राची बायको. मित्राला जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याच्यामागे घरात दोघीच राहिल्या, वहिनी आणि मित्राची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नव्हतं. वहिनी तिला वन्सं म्हणायच्या, म्हणून सगळेच तिला वन्सं म्हणायला लागले, काकासुद्धा आणि दोरे विकणारासुद्धा. नणंद-भावजय एका घरात आणि एकाच धंद्यात, म्हणजे रोज भांडी आपटणार, असं लोकांनी धरून ठेवलं होतं. दोघींनी लोकांची पार निराशा केली. मागच्या खोलीत एम्ब्रॉयडरीचं सहा सुयांचं मशीन होतं. वन्सं कॉम्प्युटरवर डिझाइन काढायच्या, वहिनी कापड रिंगमध्ये ताणून मशीनवर चढवायच्या आणि दिवसभर बोलायच्या. वन्सं फारसं बोलत नसत. मध्येच चेहरा न हलवता एखादं वाक्य टाकायच्या आणि वहिनींना हसू आवरेना झालं की मशीन थांबवावं लागायचं.

आठ महिन्यांपूर्वी वन्सं गेल्या. दुपारी जेवल्या, जरा पडते म्हणाल्या, आणि उठल्याच नाहीत.

खोली होती तशीच होती. खिडकीखाली लांब कटिंगचं टेबल, भिंतीवर दोऱ्यांच्या रिळांची फळी, कोपऱ्यात मशीन आणि त्याच्या शेजारी कॉम्प्युटर. मशीन इतकं जुनं होतं की ते फक्त त्याच कॉम्प्युटरचं ऐकायचं. नवा घ्यायचा तर मशीनही नवं घ्यावं लागलं असतं, आणि ते वहिनींच्या आवाक्यातलं नव्हतं.

काकांनी आधी कॉम्प्युटरचा डबा उघडला. आत धुळीची गोधडी झाली होती. त्यांनी ब्रशनं ती हळूहळू सोडवली, पंख्याच्या पात्यांवरचे रंगीत धागे चिमट्यानं काढले. मग चालू करून आत काय काय धावतंय ते पाहिलं. पाच वर्षांपूर्वी फेकून दिलेल्या प्रिंटरचा प्रोग्रॅम अजून रोज सकाळी उठून प्रिंटरला शोधत होता. दोन अँटिव्हायरस एकमेकांवर पहारा देत होते. काकांनी सगळ्यांना रजा दिली. टेम्पररी फाइलींचा ढीग उपसला.

वहिनी चहा घेऊन आल्या आणि हे नक्की काय चाललंय ते विचारू लागल्या. काकांना समजावून सांगायला आवडायचं. त्यांनी सांगितलं की हार्ड डिस्क म्हणजे कपाट आणि मेमरी म्हणजे हे तुमचं कटिंगचं टेबल. कपाटात कितीही कोंबलेलं असो, काम होतं ते टेबलावर. टेबल भरलं की एक कापड पसरायला दुसरं उचलून कपाटात ठेवावं लागतं, मग ते हवं झालं की पुन्हा आणायचं. ही जी आतून कुरकुर ऐकू येते ना, ती त्या हेलपाट्यांची.

"म्हणजे टेबलावर पसारा करून कोणीतरी उठून गेलंय," वहिनी म्हणाल्या.

"उठून गेलंय का, तेच बघतो," काका म्हणाले.

कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला. आता यादीत मोजके प्रोग्रॅम राहिले होते. प्रत्येकापुढे त्यानं किती मेमरी घेतली तो आकडा. काकांनी एका पाकिटाच्या पाठीवर बेरीज केली. सहाशे चार एमबी. खाली कॉम्प्युटर स्वतः सांगत होता की वापरात पंधराशे सोळा आहेत. एकूण दोन जीबीचं टेबल, आणि त्यातली नऊशे बारा एमबी जागा कोणी घेतली आहे, याचा यादीत पत्ता नव्हता.

त्यांनी बेरीज तीनदा केली. एक्सचेंजमध्ये लाइनवर जराशी खरखर आली तरी ज्यांना जेवण गोड लागत नसे, ते हे सोडून देणार नव्हते. त्यांनी इंटरनेटची वायर काढली. कॉम्प्युटर पूर्ण बंद करून पाच मिनिटांनी लावला. खरं तर वीज गेली की मेमरी सगळं विसरते, टेबल आपोआप पुसलं जातं. चालू झाल्यावर आकडा पाहिला तर नऊशे बारा. मेमरीची पट्टी काढून घरी नेली, तपासली. निरोगी होती. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी दुसरी घालून पाहिली, तरी नऊशे बारा.

तोवर रुग्णालयाच्या कामाला सुरुवात करणं भाग होतं. वहिनी मशीनवर बसल्या आणि काका शेजारी स्टूल घेऊन यादीकडे बघत बसले. आकडा हलतो का ते कळावं म्हणून त्यांनी तो एमबीऐवजी केबीत लावला. एका एमबीत हजारभर केबी, म्हणजे मुंगीचं पाऊलही दिसावं.

आकडा हलत होता. पण सारखा नाही.

वहिनी रुग्णालयातल्या बाईंशी फोनवर दहा मिनिटं बोलल्या, तेव्हा तो ढिम्म होता. काकांना काकूंच्या गुडघ्याबद्दल विचारलं, तेव्हाही. चहा टाकायला आत गेल्या, तेव्हाही. मग परत येऊन रिंग बसवताना त्या स्वतःशीच पुटपुटल्या, "हा निळा जरा भडक होतोय का हो वन्सं?" आणि आकडा चाळीसनं वाढला.

काकांनी चष्मा पुसला. थोड्या वेळानं वहिनी म्हणाल्या, "या परिचारिकेचं नाव बघा केवढं लांब, वन्सं, खिशात मावणार नाही." बासष्टनं वाढला.

काका आहेत हे लक्षात येऊन वहिनी ओशाळल्या. वीस वर्षांची सवय आहे, म्हणाल्या, जीभ आपोआप वळते. काका म्हणाले, त्यात काय, माझी आई तर गायीशी बोलायची. मग ते दुपारभर आकडा टिपत बसले. दिवसाअखेरी आकडा साडेतीननं वाढला होता, एमबीत. दुसऱ्या दिवशी वहिनी विसरून जास्त बोलल्या, त्या दिवशी चारच्या जरा खाली.

खोलीत माइक नव्हता. कॉम्प्युटरला कान म्हणून चालेल अशी एकही वस्तू जोडलेली नव्हती, हे काकांनी टेबलाखाली वाकून, वायर न् वायर हातातून सरकवून पाहिलं.

त्या संध्याकाळी घरी त्यांनी नऊशे बाराला पावणेचारानं भागलं आणि कॅलेंडर मागे उलटलं. सकाळी वहिनींना सहज विचारल्यासारखं विचारलं, की वन्सं गेल्यावर मशीन पुन्हा कधी सुरू केलंत? वहिनींनी विचार करून तारीख सांगितली. एका शाळेचे बिल्ले अर्धे राहिले होते, म्हणून बसावं लागलं, म्हणाल्या. काकांच्या खिशातल्या कागदावर तीच तारीख होती, दोन दिवसांच्या फरकानं.

काकांनी वहिनींना काही सांगितलं नाही. सांगायचं काय, हाही प्रश्नच होता. पण कोट द्यायची तारीख जवळ येत होती, तीनशेपैकी एकवीसच झाले होते, आणि काका आले होते दुरुस्तीला. बिघाड तो बिघाड. त्यांनी एक नवी हार्ड डिस्क आणली, वन्संची सगळी डिझाइन तिच्यावर उतरवली, बाकी सगळं नव्यानं बसवलं आणि जुनी डिस्क काढली. काढताना आकडा नऊशे एकोणीस होता. ती त्यांनी कागदात गुंडाळली, पाकिटात घातली आणि घरी आपल्या कपड्यांच्या खणात, बनियनांच्या खाली ठेवली. सुट्या भागांचा डबा असताना कपड्यांत कशाला, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

नवी डिस्क घालून कॉम्प्युटर सुरू केला. यादीची बेरीज आणि वापरातली मेमरी तंतोतंत जुळली. डिझाइन सहा सेकंदांत उघडलं. वहिनींनी हात जोडून नमस्काराचं सोंग केलं आणि काका छाती फुगवून घरी गेले.

नवव्या दिवशी फोन आला. मशीन उत्तम चाललंय, वहिनी म्हणाल्या, तुमच्या कामात काही खोट नाही. पण तुम्ही येऊन जाता का?

काका गेले तेव्हा त्या टेबलापाशी हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. अकरा कोट बाजूला पडले होते. कोणावर निळ्याऐवजी हिरवा दोरा, कोणावर नावच उलटं, एकावर एकच नाव दोनदा. वीस वर्षांत त्यांच्या हातून असं झालं नव्हतं. त्यांनी ते कोट दाखवले नाहीत, काकांनीच पाहिले.

"तुम्हाला हसू येईल भाऊजी," त्या म्हणाल्या. "पण या खोलीत बोलले ना, की आता नुसता माझाच आवाज येतो."

काकांनी स्टूल ओढून घेतलं.

"आधीही माझाच यायचा, मला का कळत नाही? पण असा नाही यायचा. आता बोललेलं भिंतीवर आपटून परत येतं. मग मी बोलायचं सोडलं. आणि बोलले नाही की हात चालत नाहीत." मग त्या म्हणाल्या, "त्या दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटतंय."

काका उठले आणि आलोच म्हणून घरी गेले. काकूंनी त्यांना कपड्यांचा खण उपसताना पाहिलं आणि काय हरवलं म्हणून विचारलं. काका म्हणाले, हरवलं नाही, मी उचलून आणलं होतं. काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ही एक सोय असते.

वाटेत त्यांनी मेमरीची आणखी एक पट्टी घेतली, दोन जीबीची. त्या कॉम्प्युटरमध्ये आणखी एक खाच रिकामी होती. हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पण पहिल्या दिवशी ते जागा रिकामी करायला आले होते. जागा वाढवावी असं त्यांच्या मनात आलं नव्हतं.

जुनी डिस्क बसवली, नवी पट्टी दाबून बसवली, डबा बंद केला. कॉम्प्युटर आळोखेपिळोखे देत उठला. यादीची बेरीज सहाशे चार. यादीबाहेर नऊशे एकोणीस. आणि त्या दोन्ही सोडून अडीच हजार एमबी मोकळं, वहिनींच्या कामाला आणि वरती उरेल इतकं.

"टेबल मोठं केलंय," काका म्हणाले. "आता कोणाला उठवायची गरज नाही."

वहिनींनी एक कोट उचलला, रिंगमध्ये ताणला, मशीनवर चढवला आणि दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "अहो वन्सं, काय झालं माहितेय का या दिवसांत..." आणि मग त्या बोलत सुटल्या. उलट्या नावाचं सांगितलं, रुग्णालयातल्या बाईंच्या नकला केल्या, शेजारणीच्या नव्या चपलांबद्दल सांगितलं. सहाही सुया तडतडत होत्या. काका स्टुलावर बसून आकडा बघत होते. पावसाचं पाणी हौदात चढावं तसा तो चढत होता. संध्याकाळी नऊशे त्रेपन्न झाला. एका दुपारात चौतीस एमबी. नऊ दिवसांचं बोलणं होतं ते.

त्या रात्री काकांना गाढ झोप लागली. ज्या गोष्टीचा उलगडा होत नाही ती त्यांना सहसा झोपू देत नसे. पण हिला त्यांनी बिघाड म्हणायचं सोडून दिलं होतं.

तीनशे कोट वेळेच्या एक दिवस आधी गेले. रुग्णालयातल्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी पडद्यांचं कामही देऊ केलं. वहिनींच्या गालांवर पुन्हा मांस चढलं. त्यांनी सासरी असलेल्या आपल्या मुलीकडे पंधरा दिवस राहून यायचं ठरवलं, आठ-नऊ महिन्यांत पहिल्यांदाच. जाताना किल्ली काकांना दिली. जुनं यंत्र फार दिवस बंद ठेवू नये असं तुम्हीच म्हणता, तेव्हा अधूनमधून येऊन तासभर चालू करा, म्हणाल्या. मग दारापर्यंत गेल्या, परत वळल्या, खोलीत जाऊन काहीतरी हळू आवाजात बोलून आल्या आणि गेल्या.

चौथ्या दिवशी दुपारी काका गेले. खिडक्या उघडल्या, मशीनवरची चादर काढली, कॉम्प्युटर लावला. उन्हाचा एक पट्टा कटिंगच्या टेबलावर आडवा पडला होता. रस्त्यावरून कोणीतरी सायकल घेऊन गेलं आणि मग सगळं शांत झालं. नुसता पंख्याचा आवाज. काकांनी सवयीनं यादी उघडली, आकडा केबीत लावला आणि पेपर वाचत बसले.

दुसरं पान उलटताना त्यांची नजर वर गेली. आकडा तीसनं कमी झाला होता.

त्यांनी पेपर खाली ठेवला.

इतक्या दिवसांत तो वाढलेला त्यांनी पाहिला होता, थांबलेला पाहिला होता. कमी होताना कधी पाहिला नव्हता. आता तो त्यांच्या डोळ्यांदेखत उतरत होता. चाळीस, पंचावन्न, मग जरा थांबून वीस. यादीतला एकही प्रोग्रॅम हलत नव्हता. डिस्कची कुरकुर नव्हती.

काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. थोडा वेळ आकडा उतरायचा, मग श्वास घ्यावा इतका थांबायचा. मग पुन्हा उतरायचा. त्यात एक लय होती, पण यंत्राची नव्हती. यंत्र असं अडखळत नाही. मध्येच घाई करत नाही.

वहिनी बोलायच्या तेव्हा तो भरायचा.

आत्ता खोलीत कोणीच बोलत नव्हतं. आणि खोलीत काकांशिवाय कोणी नव्हतं.

त्यांनी उठायचं ठरवलं. किल्ली कुठे आहे तेही आठवलं. पण उठणं बरं दिसलं नसतं. असं अर्ध्यातून कोणी उठतं का, असं काहीसं त्यांना वाटलं, आणि ते बसून राहिले. भीती वाटली नाही, हे त्यांनी नंतर काकूंना शपथेवर सांगितलं.

आकडा थांबला. या वेळी जरा जास्तच थांबला.

दहा सेकंद. वीस. उन्हाचा पट्टा टेबलाच्या कडेला आला होता.

"मग?" काका म्हणाले.

आकडा भरभर उतरू लागला. शंभर, दीडशे, दोनशे, मध्ये कुठेही न थांबता. आणि एकदम थबकला.

काका हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्यानं, खांदे हलेपर्यंत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाला डोळे पुसले, आणि मग चष्मा हातात धरून त्या रिकाम्या खोलीत बराच वेळ बसून राहिले. आपण कशाला हसलो, ते त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.